रिबिल्डेबल टँकमधली वात आणि कॉईल : कोणती, केव्हा आणि कशी बदलावी

ई-सिगारेटचा रिबिल्डेबल टँक म्हणजे ज्यातली कॉईल (तापणारी तार) आणि तिच्यातून लिक्विड चढवणारी कापसाची वात वापरणारा स्वतः बांधतो असा टँक. तो वापरणाऱ्यांमध्ये दोन टोकाच्या सवयी सर्रास दिसतात. चव जरा उतरली की काहीजण कॉईल आणि कापूस दोन्ही उपटून टाकतात व सगळे नव्याने बांधत बसतात. बाकीचे घशाशी करपट वाफ येईपर्यंत चालढकल करतात. वरवर पाहता या सवयी परस्परविरुद्ध वाटतात, पण दोन्हींमागची समजूत एकच असते, ती म्हणजे वात आणि कॉईल ही जोडीने संपणारी वस्तू आहे. प्रत्यक्षात कापसाचे आयुष्य दिवसांत मोजावे लागते आणि साध्या तारेच्या कॉईलचे आठवड्यांत, नीट निगा राखल्यास महिन्यांतही. एकाच कॉईलवर अनेक वाती बदलून होतात. म्हणून बिघाड दिसला की आधी कापूस बदलावा, मग तार साफ करावी, आणि एवढे करूनही फरक पडला नाही तरच नवी कॉईल बांधावी. हा क्रम पाळला तर तार, वेळ आणि लिक्विड तिन्ही वाचतात.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवणूक या सर्वांवर बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्यालाच एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात; साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे हा लेख ब्रिटनसारख्या, ही उपकरणे कायदेशीर असलेल्या देशांत राहणाऱ्या आणि सिगारेट सोडून त्यांच्याकडे वळलेल्या प्रौढ वाचकांसाठी आहे. सुट्टीत पुण्या-मुंबईकडे येताना मॉड (बॅटरी आणि बटण असलेला भाग), टँक किंवा लिक्विडची बाटली बॅगेत टाकू नये; वैयक्तिक वापरासाठी आणले आहे, या सबबीवर विसंबून राहण्यात शहाणपण नाही. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही त्याने या वाटेला जाण्याचेही काही कारण नाही.

कापूस आणि तार कशाने झिजतात

लिक्विडमध्ये मुख्यतः प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. पहिल्याचा उत्कलनबिंदू 188 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्याचा 290 अंश आहे. कापूस ओला आहे तोपर्यंत कॉईलची उष्णता या द्रवांची वाफ करण्यात खर्च होते आणि तारेचे तापमान आपोआप आटोक्यात राहते. वॅट वाढवल्यामुळे, सलग झुरके घेतल्यामुळे किंवा कापूस जुना होऊन लिक्विड सावकाश चढू लागल्यामुळे पुरवठा मागे पडला की कॉईलच्या आतला कापूस कोरडा पडतो, तापमान झपाट्याने चढते आणि कापूस करपतो. समईतली वात जळण्यासाठीच असते आणि तिची काजळी झाडून ती पुढे सरकवली की भागते. टँकमधल्या वातीचे काम मात्र केवळ भिजलेले राहण्याचे आहे, आणि ती एकदा करपली की तिला दुरुस्ती नाही.

करपलेली वाफ हा केवळ चवीचा प्रश्न नाही. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पत्रात दाखवले होते की एका उपकरणात 3.3 व्होल्टला फॉर्माल्डिहाइड या विषारी द्रव्याशी संबंधित संयुगे सापडली नाहीत, पण 5 व्होल्टला ती मोठ्या प्रमाणात तयार झाली. एवढ्या व्होल्टेजला वाफ इतकी जळकी लागते की कोणी ती ओढणारच नाही, असा आक्षेप या प्रयोगावर घेतला गेला. तो आक्षेप मान्य केला तरी आपल्यापुरता अर्थ सरळ आहे : जळकी चव ही धोक्याची खूण आहे, आणि ‘टँक संपेपर्यंत चालवून घेऊ’ हा विचार तिथेच सोडून द्यावा.

झिजण्याचा दुसरा प्रकार म्हणजे साका. लिक्विडमधली जी द्रव्ये वाफ होऊन उडत नाहीत ती तारेवर आणि तिला चिकटलेल्या कापसावर साचत जातात. यात पहिला मान सुक्रालोजचा. हे कृत्रिम गोड द्रव्य तापले की त्याची डांबरासारखी काळी खपली बनते. कस्टर्ड, कॉफी, केक, बिस्किटे अशा स्वादांची लिक्विडे म्हणून कॉईलची वाट लावतात, तर पुदिना, मेन्थॉल किंवा साध्या फळांची पातळ, पारदर्शक लिक्विडे तिला फारसा त्रास देत नाहीत. तारेवरचा साका उष्णतेने जाळून झाडता येतो. कापसातला साका कशानेच जात नाही. कापूस वारंवार आणि कॉईल क्वचित बदलावी लागते, त्याचे मूळ एवढ्यात आहे.

दिवस मोजण्यापेक्षा मिलिलिटर मोजावेत, असे माझे मत आहे. कोणी दिवसाला तीन मिलिलिटर वापरतो, कोणी दहा. दोघांना ‘आठवड्याने कापूस बदला’ असा एकच सल्ला देण्यात अर्थ नाही. ढोबळमानाने, गोड लिक्विड दहा-पंधरा मिलिलिटर गेले की कापूस काढून पाहावा, आणि बिनगोड, पारदर्शक लिक्विड असेल तर तिसाच्या आसपास. ही मर्यादा बदलण्याची नव्हे, उघडून पाहण्याची आहे.

खुणा आणि त्यांचे नेमके अर्थ

चव फिकी पडणे ही सर्वांत आधी येणारी आणि सर्वांत फसवी खूण आहे. दिवसभर एकच स्वाद ओढला की जीभ त्याला सरावते आणि टँकमध्ये काहीही बिघडलेले नसताना चव गेल्यासारखी वाटते. अशा वेळी पाणी प्यावे, काही तास थांबावे किंवा दुसऱ्या टँकमध्ये तेच लिक्विड चाखून पाहावे. तिथेही फिके लागले तर दोष कॉईलचा नाही. तिथे ठीक लागले आणि इथे मात्र चवीत बुळबुळीत जळक्या साखरेचा पदर येत असेल, तर कापसाची मुदत भरली आहे.

लिक्विडचा रंग गडद होणे याचेही दोन अर्थ होतात. निकोटिन हवेच्या संपर्कात येऊन काळाबरोबर तांबूस होतेच, त्यामुळे टँकमधला रंग बाटलीतल्या रंगाशी ताडून पाहावा. बाटलीतही लिक्विड तांबूस झाले असेल तर ते जुने आहे, इतकेच. बाटलीत फिकट आणि टँकमध्ये चहासारखे दिसत असेल तर कॉईलवरचा साका लिक्विडमध्ये उतरतो आहे.

घशाला नव्याने खरखर लागू लागली, सलग दोन-तीन झुरक्यांनंतर वाफ कोरडी वाटू लागली, पण मिनिटभर थांबल्यावर पुन्हा ठीक झाली, तर लिक्विड कापसातून पुरेशा वेगाने चढत नाही. हे लक्षण नव्या बांधणीतही दिसते, आणि तेव्हा कापूस जास्त ठासला गेलेला असतो. जुन्या बांधणीत ते हळूहळू येते, आणि त्याचे कारण तंतूंमधल्या जागा साक्याने बुजणे हे असते. ग्लिसरीनचे प्रमाण सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक असलेले दाट लिक्विड वापरणाऱ्यांना, विशेषतः थंडीच्या दिवसांत, हा अनुभव लवकर येतो.

गुळगुळ आवाज किंवा हवेच्या छिद्रांतून गळती याचा संबंध बहुधा कापसाशीच असतो. वापरून कापूस दबतो आणि आकसतो, वातीच्या वाटा, म्हणजे कापसाची टोके ज्यांत बसतात ती छिद्रे, पूर्ण भरलेल्या राहत नाहीत आणि लिक्विड मोकळे वाहू लागते. मात्र ओ-रिंग (सांध्यातले रबरी कडे) फाटली असेल किंवा टँक भरताना हवेची छिद्रे बंद करायची राहून गेली असतील, तरीही हेच होते.

आता खास कॉईलच्या खुणा. बटण दाबल्यापासून वाफ येईपर्यंतचा अवधी वाढला असेल तर तारेवर खपलीचा थर चढला आहे, कारण आता तारेबरोबर तो थरही तापवावा लागतो. नव्या कापसाने चव पहिल्या काही झुरक्यांपुरती सुधारली आणि लगेच पुन्हा उतरली, तर उरलेला दोष तारेवर आहे. आणि मॉडच्या पडद्यावर रोध बदललेला दिसला तर दोष विद्युत स्वरूपाचा आहे. त्याकडे चवीच्या आधी लक्ष द्यावे.

रोध कसा वाचावा

नवी कॉईल बांधल्यावर ती थंड असताना दिसलेला रोध कुठेतरी लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते. उदाहरणार्थ, 26 गेजची कांथल ए-1 (लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियम मिश्रधातूची) तार घेतली तर तिचा व्यास सुमारे 0.4 मिलिमीटर आणि रोध मीटरला सुमारे 11.3 ओहम असतो. तीन मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर सहा वेढे घेतले तर प्रत्येक वेढ्याला साधारण 10.7 मिलिमीटर, म्हणजे एकूण 64 मिलिमीटर तार लागते. दोन्ही पायांचे (स्क्रूमध्ये अडकणाऱ्या टोकांचे) मिळून दहा मिलिमीटर धरले तर रोध 0.8 ओहमच्या थोडा वर येतो. अशा दोन कॉईल एकाच डेकवर (टँकमधल्या कॉईल बसवण्याच्या तळावर) बसवल्या तर त्या समांतर जोडल्या जातात आणि रोध निम्मा, म्हणजे 0.4 च्या आसपास दिसतो.

पुढचे निदान यावरूनच होते. दुहेरी बांधणीत 0.4 चा आकडा एकाएकी 0.8 झाला, तर एका कॉईलचा पाय तुटला आहे किंवा स्क्रूमधून सुटला आहे. आकडा दर झुरक्याला वरखाली नाचत असेल तर स्क्रू सैल आहे किंवा टँकच्या तळाच्या आट्यांमध्ये लिक्विड शिरले आहे. तळ टिश्यूने पुसून आणि स्क्रू बेताने आवळून पुन्हा पाहावे. आकडा अचानक खाली आला असेल तर तारेचा एखादा भाग डेकला किंवा वरच्या झाकणाला टेकला आहे, आणि अशा स्थितीत बटण दाबू नये. नियंत्रित, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला मॉड अशा वेळी बहुधा स्वतःच काम थांबवतो. सर्किट नसलेल्या यांत्रिक मॉडमध्ये असे संरक्षण नसते. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे 4.2 व्होल्ट 0.4 ओहमवर 10.5 अँपिअर प्रवाह देतात, 0.2 ओहमवर 21, आणि तार थेट धातूला टेकली तर तो प्रवाह बॅटरीच्या सुरक्षित मर्यादेपलीकडे जातो.

स्टेनलेस स्टीलच्या तारेचा रोध तापल्यावर वाढतो, त्यामुळे झुरका घेतल्याबरोबर दिसणारा आकडा तुलनेला घेऊ नये. टँक खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. कांथलमध्ये हा फरक नगण्य असतो.

तपासणी आणि सफाई, क्रमाने

प्रथम मॉड बंद करावा, टँक काढून त्यातले लिक्विड रिकामे करावे आणि डेक उघडी करावी. कापूस अजून कॉईलमध्ये आहे तोवर त्याच्याकडे नीट पाहावे, कारण सर्वाधिक माहिती इथेच मिळते. दोन्ही बाजूंची टोके पांढरी किंवा लिक्विडच्याच रंगाची असतील आणि तारेखालचा भाग फिकट तपकिरी असेल, तर हा सर्वसाधारण वापर आहे. तपकिरी रंग तारेच्या बाहेर टोकांकडे पसरला असेल तर मुदत उलटून गेली आहे. मधोमध काळा, कुरकुरीत, कडेला कोरडा असा एखादाच ठिपका असेल तर तिथे हॉट स्पॉट आहे, म्हणजे कॉईलचा तेवढा भाग बाकीच्या आधी आणि जास्त तापतो. आणि एका कॉईलचा कापूस काळा, दुसरीचा पांढरा दिसला तर दोन्ही कॉईल सारख्या तापत नाहीत.

कापूस काढताना एका बाजूचे टोक कॉईलच्या अगदी लगत कात्रीने कापावे आणि दुसऱ्या बाजूने चिमट्याने सावकाश ओढावे. सुकलेला, चिकटलेला कापूस जोराने ओढला तर वेढे वाकतात. तो आधी लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ करावा. तंतूचा एकही तुकडा आत राहता कामा नये.

यानंतर तार कोरडी तापवण्याची पायरी येते, पण ती कोणत्या तारेला चालते हे आधी पाहावे. कांथल आणि निक्रोम यांना चालते. स्टेनलेस स्टीलला अगदी कमी वॅटवर, क्षणभरच. शुद्ध निकेल आणि टायटॅनियम यांना मुळीच नाही. त्या तारा फक्त मॉडच्या तापमान-नियंत्रण मोडसाठी असतात, आणि टायटॅनियम लाल तापले की त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी 2015 मध्ये कोणतीही तार लालबुंद तापवण्याबद्दलच सावध केले होते, कारण त्याने धातूची रचना बदलू शकते. त्यामुळे ही पायरी जितकी कमी, जितकी मंद, तितके बरे. आणि ज्याला ती टाळायची आहे त्याने सरळ नवी कॉईल बांधावी, तारेची किंमत नगण्य असते.

करायचेच असेल तर टँक नियंत्रित मॉडवर वॅट-मोडमध्ये बसवावा, साध्या कॉईलला पंधरा वॅटच्या आसपास ठेवावे आणि दोन-दोन सेकंदच बटण दाबत जावे. खपलीतून धूर निघेल. तो श्वासात घेऊ नये आणि खिडकी उघडी ठेवावी. (ब्रिटनमधल्या फ्लॅटमध्ये स्मोक अलार्म बहुधा नेमका दाराबाहेरच असतो, हेही ध्यानात असू द्यावे.) धूर थांबला की कॉईल पूर्ण थंड होऊ द्यावी. लाल तापलेल्या तारेवर पाणी सोडणे हा लोकप्रिय पण वाईट उपाय आहे. त्याने तारेला इजा होऊ शकते. थंड झाल्यावर डेक मॉडवरून काढून, जुन्या मऊ टूथब्रशने राख झाडावी, कोमट पाण्याखाली धरावी आणि पूर्ण सुकवावी. गरज वाटली तर हेच एकदा पुन्हा करावे.

आता साफ झालेल्या कॉईलची परीक्षा घ्यावी. दिवा मंद करून कमी वॅटवर हलकेच बटण दाबले असता मधले वेढे आधी लाल होऊन तो रंग दोन्ही बाजूंना सारखा पसरला पाहिजे. एखादा वेढा किंवा पाय आधी चमकत असेल तर तार थंड झाल्यावर, बटण सोडलेले असताना, सिरॅमिक चिमट्याच्या टोकाने वेढ्यांवरून हलकेच घासावे आणि जागा सुटलेले वेढे जवळ दाबावेत. बहुतेक हॉट स्पॉट एवढ्याने जातात.

कॉईलला निरोप केव्हा द्यावा

वरची परीक्षा नापास झाली तर कॉईलची वेळ भरली. हॉट स्पॉट घासूनही त्याच जागी परत येतो, खपली दोन वेळा तापवूनही सुटत नाही, तारेवर खड्डे किंवा बारीक झालेला भाग दिसतो, वेढे वाकून आतली पोकळी लंबगोल झाली आहे, किंवा थंड रोध लिहून ठेवलेल्या आकड्यापासून दहा टक्क्यांहून अधिक सरकला आहे आणि स्क्रू आवळूनही मूळ जागी येत नाही, यांपैकी एक गोष्ट पुरेशी आहे. पाय स्क्रूखाली जिथे दबतो तिथे तार चपटी होऊन अशक्त होते. ती जागा भिंगातून पाहावी, कारण तुटणे बहुधा तिथूनच सुरू होते.

क्लॅप्टनसारख्या गुंडाळलेल्या तारांची गोष्ट वेगळी आहे. जाड तारेभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळल्याने पृष्ठभाग वाढतो आणि चव उत्तम येते, पण त्याच बारीक खाचांत साका जाऊन बसतो आणि तो ब्रशने निघत नाही. गोड लिक्विड आणि क्लॅप्टन हे जोडीदार असतील तर कॉईल लवकर बदलण्याची तयारी ठेवावी. बाहेरची तार एका ठिकाणी जरी सुटली तरी ती कॉईल वापरू नये. सुटलेले टोक डेकला टेकू शकते.

दुहेरी बांधणीतली एकच कॉईल खराब झाली तरी दोन्ही बदलाव्यात. जुनी आणि नवी तार एकाच वेगाने तापत नाही, आणि मग नवीन कापूसही एका बाजूला करपू लागतो.

नवी वात घालताना

कापूस बिनसुगंधी, रंग न लावलेला आणि शुद्ध असावा. मेकअपसाठी मिळणाऱ्या काही पॅडमध्ये कृत्रिम धागे मिसळलेले असतात. शंका असेल तर लहानसा पुंजका बाहेर, सुरक्षित जागी पेटवून पाहावा. शुद्ध कापसाची मऊ राख होते, कृत्रिम धागा वितळून कडक गोळी बनते.

कापसाची पट्टी कॉईलच्या पोकळीपेक्षा किंचित जाड असावी. ती आतून ओढताना थोडी अडली पाहिजे, पण कॉईल तिच्याबरोबर सरकता कामा नये. सैल वात मधे कोरडी राहते, कारण तारेला ती सगळीकडून टेकत नाही. ठासलेली वात लिक्विड चढू देत नाही. कापसाऐवजी रेयॉनची वात वापरणाऱ्यांनी मात्र ती जास्त घट्ट भरावी, कारण भिजल्यावर ती कापसासारखी फुगत नाही. टोके डेकच्या कडेपर्यंत कापून, कात्रीच्या टोकाने विंचरून पातळ करावीत आणि वातीच्या वाटांमध्ये न दाबता, अलगद ठेवावीत. वाट झाकली गेली पाहिजे, पण बुजता कामा नये.

मग कापसावर दोन्ही बाजूंनी थेंबथेंब लिक्विड सोडावे, टँक बंद करून भरावा आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. बटण न दाबता दोन-तीन हलके झुरके घेतले की लिक्विड आत ओढले जाते. रोध पुन्हा पाहावा, तो लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळला की नेहमीच्या वॅटपेक्षा बरेच खालून सुरुवात करावी आणि एक-दोन झुरक्यांमागे थोडे थोडे वाढवावे. पहिल्या काही झुरक्यांत कोऱ्या कापसाची चव येते. ती लवकरच जाते.

हे सारे करूनही करपट चव येत असेल तर कॉईल आणि कापूस सोडून बाकीचे पाहण्याची वेळ आली आहे. वॅट तारेच्या मानाने जास्त आहे का, हवेची छिद्रे कॉईलच्या बरोबर खाली येतात का, लिक्विड त्या टँकच्या वाटांसाठी फार दाट आहे का, वरच्या झाकणाच्या ओ-रिंगमधून हवा शिरून आतला दाब बिघडतो आहे का, हे एकेक करून तपासावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर दोष नेमका कशात होता ते कळणार नाही.